आईची बोटं

शहापूर, बेळगाव

चि. भैरवीस,

आईची आठवण 'पर्मनंटली' गेली, असं डॉक्टर म्हणाले. इंग्रजीच्या वर्गात हा शब्द मी फळ्यावर लिहायचो, 'कायमचं' असा अर्थ सांगायचो आणि घाईनं कवितेकडे वळायचो. तूही फोनवर तोच शब्द म्हणालीस आणि आईचा हातमाग विकून टाका म्हणालीस.

विकण्याआधी एक साडी विणावी म्हणून आज शेजारची रक्षा नव्या ताण्याचे उभे धागे घेऊन आली. जुन्या धाग्यांच्या टोकांना नवे धागे सांधताना तिची बोटं अडखळू लागली. तेवढ्यात तुझी आई उठली. जिला स्वतःचं नाव आठवत नाही, तिनं धागा निसटू नये म्हणून उदबत्तीची राख बोटांना लावली, मागाशी बसली आणि धाग्याला धागा पिळत गेली. एकही तुटला नाही गं! गाभाऱ्यासमोर उभं राहावं तसा मी उभा होतो.

"कोण वो तुम्ही?" ती म्हणाली. "बाजूला व्हा की, उजेड अडतोय."

"सरका मास्तर," रक्षा हसली, "मालकीण आल्यात."

पर्मनंटली काय राहतं, ते मी आज पाहिलं.

माग विकत नाही, एवढंच तुला फोनवर सांगेन. हे पत्र पाठवणार नाही. आई बरी झाली असं समजून तू धावत येशील, आणि ती विचारेल, "कुणाची गं तू?"

तुझे,
आप्पा