शिकारीचा कॅमेरा आणि सासरेबुवा

२ सप्टें., लेटरकेनी, आयर्लंड
हरणाच्या शिकारीचं लायसन्स आलं!! दोन वर्षं, एक कोर्स, एक परीक्षा, आणि ‘भूल देणारी डॉक्टर बंदूक चालवणार?’ हा प्रश्न निदान चाळीसदा ऐकून. शेजारचा शेतकरी शेमस, वय सत्तर, माझा गुरू, दिवसाला मोजून सात शब्द बोलतो. म्हणाला, "आधी कॅमेरा. मग बंदूक." हरणं कुठून, कधी येतात ते बघायचं.
बाबांना अजून सांगितलं नाही. बाबा म्हणजे सासरे, तीन महिन्यांसाठी आलेत, त्यांना अंडंसुद्धा चालत नाही.

५ सप्टें.
नवऱ्याने कॅमेऱ्यांचं एक्सेल केलं. निखिल कशाचंही एक्सेल करतो. अकरा मॉडेल, चौदा कॉलम. शेमसला दाखवलं. "बॅटरी किती टिकते?" बस्स. तो कॉलमच नव्हता. शेवटी साधा घेतला, फ्लॅश न चमकणारा. फोनवर फोटो पाठवणारा नको, डोंगरात रेंज कुठली.

९ सप्टें.
पार्सल नेमकं बाबांनीच उघडलं.
"हे काय गं शर्वरी?"
"प्राणी बघायचा कॅमेरा, बाबा."
खोटं नाही. अर्धवट. निखिल प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) डोकं घालून डबे शोधल्यासारखं हसत होता. मेल्या.

१४ सप्टें.
लावला! शेमसच्या रानात, हरणांच्या वाटेवर, झाडाला कमरेएवढ्या उंचीवर. बाबा कानटोपी घालून सोबत. "पूर्वेला तोंड कर, शुभ असतं." केलं.

१७ सप्टें.
१९४३ फोटो. १९४३ वेळा एकच फांदी. वारा आला की क्लिक. सकाळचे सगळे पांढरेफट्ट, कारण सूर्य थेट भिंगात! देव्हारा मांडावा तसा कॅमेरा मांडला आम्ही. शेमस "ग्रँड" म्हणाला आणि पाठ फिरवली. खांदे हलत होते.
उत्तरेला वळवला. फांदी छाटली. नको ते फोटो डिलीट कसे करायचे ते बाबांना शिकवलं, दुपारभर त्यांना तेवढंच काम.

२४ सप्टें.
आली! चार माद्या, एक पिल्लू, आणि मागून एक नर. काय ती शिंगं! बाबांनी वही काढली, रेघा मारल्या. छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, सवय जाते थोडीच. हरणांचा हजेरीपट, प्रत्येकाला नाव. गोखले उशिरा. धाकटी दंगेखोर. आणि तो नर, रोज ७.१० ला मान वर करून: हेडमास्तर.
आई गेल्यापासून बाबांना एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. निखिल भांडी घासता घासता थांबून ऐकत होता.

३ ऑक्टो.
कॅमेऱ्याचं कार्ड आणायला आता बाबा एकटेच जातात. शेमसच्या फाटकाशी अर्धा अर्धा तास उभे. शेमस बोलतो?? "युवर मॅन सांगत होता..." असं आमचे बाबा म्हणतात आता, इथल्या लोकांसारखं. युवर मॅन म्हणजे ‘तो गडी’, अर्थात शेमस.

१२ ऑक्टो.
शेमसने हेडमास्तरचा फोटो बघितला. "हाच. वय झालंय त्याचं. २६ ला, शनिवारी. सात वाजता."
हो म्हटलं. मला हवंय हे. कोल्हापुरात जन्मभर मटण ओरपलं, मारलं दुसऱ्याने. एकदा स्वतः मारून खावं, जमलं नाही तर सोडून द्यावं. म्हणून तर हा सगळा खटाटोप.
बाबांना उद्या सांगते.

१३ ऑक्टो.
नाही सांगितलं.

१४ ऑक्टो.
नाही. ड्यूटी होती. (नव्हती.)

२१ ऑक्टो.
सहा दिवस सगळे गैरहजर. बाबा रोज कार्ड आणतात, रिकामं. "सुट्टी लागली असेल," म्हणतात. शेमस चक्रावलाय. माणसाचा वास लागला असणार म्हणे. माझे पाच दिवस उरलेत, आणि वाटेवर कुत्रं नाही.

२३ ऑक्टो.
बाबांना सर्दी. कार्ड मीच आणलं. ८८ फोटो. सगळे बाबांचे!! घडीच्या स्टुलावर बसलेत, थर्मास, वही, आणि समोर जमिनीत खोचलेल्या उदबत्त्या. एक-दोन नाही, अख्खा जुडगा. एका फोटोत सरळ भिंगात बघतायत. म्हणजे रोज स्वतःचे फोटो डिलीट करून कार्ड आणत होते. शिकवलं कोणी? मीच.
फाटकाशी शेमसला दाखवलं. तो लाल झाला. "हरणं कशाला बुजतात, विचारलं त्यांनी. सांगितलं, वासाला. कॅमेरा कशाला, तेही विचारलं." एवढे शब्द एका दमात! "लपवायचं होतं का?"

२५ ऑक्टो.
चहा घेऊन बाबांच्या समोर बसले.
"बाबा, उद्या सात वाजता जातेय. कशाला ते तुम्हाला माहितीये."
त्यांनी वही मिटली. "माहितीये. जाऊ नको म्हणणार नाही मी. तुझं लायसन्स आहे. माझी उदबत्ती आहे."
निखिलला ठसका लागला. मग आम्ही तिघंही हसत सुटलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. माझ्या तर नंतरही येत राहिलं.
"आधीच सांगायला हवं होतं," म्हटलं. "हो, हवं होतं," म्हणाले. मग हळूच, "मी पण येऊ? लांब बसेन."

२६ ऑक्टो., सकाळ
वारा नाही. बंदूक गाडीत. शेमसचा मेसेज: काल संध्याकाळी वाटेवर खुरांचे ताजे ठसे, मोठे. बाबा सर्दी विसरून कानटोपी घालून कधीचे दारात उभे, वही काखेत. कोटाचा उजवा खिसा फुगलाय.
काय आहे खिशात, ते विचारलं नाही. निघतोय.