आठ नंबरचा शर्ट

प्रिय भिंगरी,

फोन का करत नाही म्हणून रुसू नकोस. माझा आवाज बसलाय. नुसता बसला नाही, पार आडवा झालाय. सकाळी दूधवाल्याला थांब म्हणायला दार उघडलं तर घशातून नुसती हवा बाहेर आली, सायकलच्या ट्यूबमधून यावी तशी. तो बिचारा घाबरून जास्तीचं दूध ठेवून पळाला. ताप नाही, सर्दी नाही, काळजी करू नकोस. ओरडून बसलाय. या वयात मी कुठं आणि कशापायी एवढी ओरडले, ते सांगायलाच कागद घेतलाय. अक्षराला हसायचं नाही. चौथीनंतर हाताला पेन कमी आणि साबण जास्त लागला.

आधी गुडघ्याचं बघू. ऑपरेशनचे टाके सुकले असतील आता. तुझी आई सांगत होती की पोर पाय उशीवर ठेवून दिवसभर खिडकीशी बसते, डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करते, पण कोणी फुटबॉलच्या क्लबाचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड फिरवते. तुझ्या बाबानं त्याच्या ऑफिसात तुझ्यासाठी खुर्ची बघून ठेवलीय, तेही कळलं. महिनाअखेरीला तुला एकीकडं हो म्हणायचंय, क्लबाला नाहीतर ऑफिसाला. माझ्या लेकाचं चुकलं असं मी म्हणणार नाही हं. बाप आहे तो. पोरीला स्ट्रेचरवरून नेताना त्यानं बघितलंय. खुर्चीवर बसून कुणाचा गुडघा मोडत नाही, हे त्याचं म्हणणं काही खोडून काढता येत नाही.

पण मागच्या फोनवर तू एक बोललीस आणि ते माझ्या दातात अडकून बसलं. तू म्हणालीस, "आजी, बायकांच्या मॅचला बायकाच येत नाहीत. मग मी गुडघा कुणासाठी मोडून घेतला?" मी नेहमीसारखी हं हं करून फोन ठेवला. नंतर भांडी घासताना तेच, भाजी चिरताना तेच. खरंच गं, का येत नाहीत? मी येत होते म्हणावं, तर मी तरी कुठं मॅच बघायचे? मी तुला बघायचे. बाकीच्या पोरी माझ्या लेखी रस्त्यात आल्या तर बाजूला सरकायला हव्यात अशा. तू बॉल दुसरीला दिलास की मला राग यायचा, आपल्या हातचं दुसरीच्या ताटात वाढल्यासारखा. घरी आल्यावर तू एखादीचं कौतुक करायचीस आणि मी तुला गरम गरम जेवायला वाढत, हो का, हो का म्हणायचे. ती कुठली, हे विचारलंही नाही.

तर मी उठले आणि लॉन्ड्रीत गेले. काम सोडून किती वर्षं झाली, तरी आठवड्यातून एकदा तिथली वाफ नाकात गेल्याशिवाय मला करमत नाही, हे तुला ठाऊकच आहे. तेच ते, हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलचे टॉवेल, आणि एका कोपऱ्यात तुमच्या क्लबाचे चिखलाने माखलेले लाल शर्ट. रफूवाली खिडकीशी, मान खाली. इस्त्रीवाली तिच्या टेबलाशी. तिची जीभ आजही इस्त्रीपेक्षा तापलेली असते. आणि ती नवी मशीनवाली, जिची पोर शाळेतून थेट तिथंच येते आणि टॉवेलांच्या ढिगावर झोपते. मी सरळच विचारलं, का गं बायांनो, तुम्ही बायकांच्या मॅच का बघत नाही?

अगं, मधमाश्यांच्या पोळ्यात काठी घातल्यासारखं झालं. इस्त्रीवाली म्हणाली, मॅच बघायची म्हणजे दीड तास एका जागी बसायचं. घरात बाई पाच मिनिटं नुसती बसलेली दिसली की कुणी ना कुणी विचारतं, काय, काम संपलं वाटतं? तिच्या नवऱ्यानं मॅच बघितली तर त्याला मॅच बघणं म्हणतात, आणि तिनं बघितली तर त्याला रिकामपण म्हणतात. मशीनवालीचं वेगळंच. तिचं म्हणणं, पुरुषांच्या मॅचचं मला काही बघावं लागत नाही, ते आपोआप कळतं. बसमध्ये कळतं, दुकानात कळतं, भाजीवाला सुट्टे पैसे देतादेता सांगतो. बायकांच्या मॅचचं कुणी सांगतच नाही. एकदा तिनं बघितली, छान वाटली, आणि दुसऱ्या दिवशी बोलायला जावं तर बोलायला माणूस नाही. म्हणाली, एकटीनं हसून किती हसणार?

मला ते पटलं गं. आम्ही टीव्हीवरची मालिका बघतो ती काय एवढी चांगली असते म्हणून? दुसऱ्या दिवशी तिच्यावरून भांडता येतं म्हणून बघतो.

रफूवाली मात्र मान खाली घालून शिवतच होती. फारच खोदल्यावर सुई खाली ठेवून म्हणाली, मी शाळेत सगळ्यांत जोरात पळायचे. मग एक दिवस घरच्यांनी सांगितलं, पुरे आता. अजूनही कुणी पोर पळताना दिसली की टेबलाखाली माझे पाय हलतात, टाका चुकतो. म्हणून बघत नाही. एवढं बोलून तिनं सुई उचलली. इतकी वर्षं आम्ही एकमेकींचे डबे खाल्ले, आणि हे मला माहीत नव्हतं.

आता खरी गंमत ऐक. या सगळ्या म्हणतात आम्ही बघत नाही, आणि टीमचं त्यांना सगळं माहीत! सात नंबरची डावी बाही दर मॅचला फाटते, म्हणजे तिला धरून ठेवल्याशिवाय ती कुणाला सापडत नाही. चार नंबर आपले मोजे आधी स्वतः खळबळून मग पाठवते. चांगल्या वळणाची पोर, इस्त्रीवालीच्या भाच्यासाठी विचारायला हरकत नाही. गोलकीपरच्या कपड्यांना गवताचे डाग नेहमी उजव्याच अंगाला, म्हणजे डावीकडं उडी मारायला बाई कचरतात. आणि अकरा नंबरचं तर काय कौतुक! खेळून आली तरी शर्ट कसा स्वच्छ, किती नीटस पोर, बाकीच्यांनी शिकावं. मला हसू आवरेना. अगं, ती अकरा नंबर म्हणजे तू सांगायचीस ती, जिला वर्षभर बाकावरच बसवलंय. चिखल लागणार कुठून तिला?

मग इस्त्रीवालीनंच विचारलं. म्हणाली, ते सगळं जाऊ दे, आठ नंबर हल्ली धुवायला का येत नाही? आधी तर प्रत्येक वेळी कोपरं घासलेली, पाठीवर बुटाचा ठसा, काय काय घेऊन यायची. गेले कित्येक आठवडे तिचा शर्टच नाही. लग्न केलं की काय?

रफूवालीला ठाऊक होतं, तिनं माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, आठ नंबर माझी नात आहे. गुडघा, ऑपरेशन, ऑफिसातली खुर्ची, सगळं सांगितलं. तू फोनवर विचारलंस तेही सांगितलं. इस्त्रीवालीनं इस्त्री आडवी ठेवली ती तशीच राहिली आणि हॉटेलचा एक टॉवेल करपला. मालक ओरडला तर त्यालाच म्हणाली, शनिवारी आम्हाला लवकर सोडा, मॅचला जायचंय.

त्या शनिवारची मॅच शेजारच्या गावात होती, दुसऱ्यांच्या मैदानावर. बसनं गेलो. रफूवाली, इस्त्रीवाली, मशीनवाली, तिची पोर, आणि मी. मशीनवालीनं जुन्या लाल पडद्याच्या पट्ट्या करून आणल्या होत्या, त्या गळ्यात घातल्या. माझा लांबचा चष्मा घरी टेबलावर राहिला, त्यामुळं मला मैदान म्हणजे हिरवं आणि माणसं म्हणजे ठिपके. पण लाल ठिपका कळत होता, तेवढं पुरे. वरच्या रांगेत बसलो आणि लाल शर्ट आत आले तशा ज्या किंचाळलो, की पुढच्या खुर्चीवरचे एक आजोबा सांडले असते. काय खेळत होत्या पोरी! मला पहिल्यांदाच कळलं की बॉल जिथं नसतो तिथंही काहीतरी चाललेलं असतं. एक पळते ती स्वतःसाठी पळतच नाही, दुसरीला वाट मोकळी करायला पळते. तू बॉल का देऊन टाकायचीस, ते मला एवढ्या वर्षांनी त्या वरच्या रांगेत बसून समजलं.

आणि लालनं गोल मारला! आम्ही नाचलो. खरंच नाचलो गं, हातात हात घालून. आजूबाजूचे लोक इतके खूश, त्यांनी आम्हाला चहा दिला, मशीनवालीच्या पोरीला बिस्किटं दिली. इस्त्रीवाली म्हणाली, या गावची माणसं किती मोठ्या मनाची, आपण त्यांच्यावर गोल मारला आणि हे आपल्याला चहा पाजतात.

मध्यंतर झालं. पोरी आमच्या बाजूनं आत जायला लागल्या, अगदी जवळून. रफूवाली एकदम उभी राहिली. डोळे बारीक केले. म्हणाली, "ही आपली सात नंबर नव्हे. तिच्या डाव्या बाहीला माझा रफू आहे. हिची बाही कोरी आहे."

झालं! त्या लाल पोरी आपल्या नव्हत्याच. दोन्ही क्लबांचा रंग लाल, तर पाहुण्यांनी दुसरे कपडे घालायचे असा म्हणे नियम. आपल्या पोरी पांढऱ्यात होत्या. ते पांढरे शर्ट नवे कोरे, एकदाही आमच्याकडं धुवायला आलेले नाहीत, मग आम्ही ओळखणार कशा? तोंडावरून आम्ही कुणाला ओळखतच नव्हतो, कपड्यांवरून ओळखत होतो. अर्धी मॅच आम्ही जीव तोडून दुसऱ्यांच्या पोरींसाठी ओरडलो होतो, आणि वर चहाही प्यायलो होतो. इस्त्रीवालीनं कपाळाला हात लावला आणि विचारलं, तो नाच परत घेता येतो का?

परत कसला घेतो! मध्यंतरानंतर आम्ही पट्ट्या खिशात कोंबल्या आणि पांढऱ्यांसाठी ओरडायला लागलो. ते चहावाले लोक आमच्याकडं असे बघायला लागले, जसं काही आम्ही त्यांच्या घरून चमचे चोरले. ओरडून ओरडून घसा फाटला. आपली गोलकीपर डावीकडं एकदा अशी झेपावली, की इस्त्रीवाली म्हणाली, आता सोमवारी डाव्या अंगाचे डाग काढायला माझा जीव जाणार, जाऊ दे जीव. आणि अगदी शेवटाला दोघीजणी धरायला आल्या असताना आपल्या सात नंबरनं बॉल बाजूला ढकलला, स्वतः मारला नाही, आणि मागून धावत आलेल्या एका पोरीनं आत घातला. कोण होती माहितीय? मशीनवालीच्या पोरीनं पाठीवरचा आकडा वाचून सांगितला, अकरा नंबर! आमची नीटस पोर! गुडघ्यापासून गळ्यापर्यंत चिखल. बरोबरीत सुटली मॅच. सगळ्या मैदानात दोन्ही गोलांना नाचलेल्या आम्हीच.

परत येताना बसमध्ये रफूवाली माझ्या शेजारी बसली होती. मी खाली बघितलं तर तिचे पाय हलत होते. हलू दिले तिनं. आता आमचं ठरलंय, दर शनिवारी जायचं, आणि सोमवारी इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून भांडायचं. इस्त्रीवालीच्या मते सात नंबरनं स्वतः मारायला हवं होतं. मी म्हणते, तुला काय कळतंय. हॉस्पिटलच्या चादरी घ्यायला येणाऱ्या दोन नर्सबाई परवा भांडणात पडल्या आणि पुढच्या शनिवारी आमच्याबरोबर येतायत.

आता कागद का घेतला ते सांगते. घसा दोन दिवसांत सुटेल, फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू हो आजी, हो आजी करून ठेवून देतेस, आणि हे तू नीट वाचायला हवं. काल क्लबातून कपड्यांचं बोचकं आलं. त्यात तुझा आठ नंबरचा शर्ट होता. वर चिठ्ठी, नाव आणि नंबर उसवून द्यावा, नव्या मुलीला लागेल. महिनाअखेरीपर्यंत थांबायचाही धीर नाही त्यांना. खेळाडू सोडून गेली की हे काम रफूवालीकडंच येतं, चार ठिकाणी कात्रीचं टोक लावलं की निघतं. तिनं शर्ट घडी करून आपल्या खणात ठेवला. म्हणाली, आठ नंबरनं स्वतः सांगितल्याशिवाय मी कात्री लावणार नाही, क्लबाला सांगा रफूवाली आजारी आहे. तर तू सांग. उसवायचं म्हणालीस तर उसवू, आणि त्या शनिवारपासून तू आमच्यात येऊन बस, वरच्या रांगेत. ऑफिसची खुर्ची शनिवारी मोकळीच असेल. नको म्हणालीस तर नको. माझ्या मनात काय आहे ते मी लिहिणार नाही, गुडघा तुझा आहे. फक्त कुणासाठी, असं विचारलं होतंस ना, तेवढ्यापुरतं हे लिहिलं. इस्त्रीवालीनं मात्र आज रफूवालीच्या खणातून तो शर्ट काढला आणि कडक इस्त्री करून परत ठेवला. मी बसक्या घशानं कसंबसं कुजबुजले, अगं, पोरीचं अजून काही ठरलं नाही, इस्त्री कशाला? तर म्हणाली, "चुरगळलेला शर्ट बघून कुणाला घालावासा वाटेल का?"

तुझीच, आणि आता अकरा नंबरचीसुद्धा,
आजी