ती घरी नाही

प्रिय देवश्री,

हे पत्र तुला डब्याच्या पिशवीत सापडेल. बसमध्येच वाच, समता कॉलोनीपासून नवा रायपूरच्या ऑफिसापर्यंत तुला पाऊण तास मिळतो. एकाच घरात राहून बापाने पोरीला पत्र लिहावं हे हास्यास्पद आहे, कळतं मला. पण तू समोर असलीस की मी काहीतरी मागत बसतो. पाणी, चष्मा, नाहीतर वरणावर तूप. त्यात बोलायचं राहून जातं.

गेल्या रविवारी दुपारी तू मला तेलीबांध्याला तो परदेशी सिनेमा दाखवायला नेलंस. रक्त पिणारा म्हातारा म्हटल्यावर मला वाटलं, दात दिसतील, किंकाळ्या होतील आणि मी अर्ध्यातच डुलकी काढीन. तसं काही नव्हतंच. तळ्याकाठच्या घरातला एक सभ्य विधुर, आणि रोज संध्याकाळी बाही वर करून त्याच्यापुढे बसणारी ती बाई. तो घोटभरच घ्यायचा आणि डोळ्यांत पाणी आणून तिचे आभार मानायचा. खालची इंग्रजी अक्षरं मला झेपेनात, म्हणून तू कानाशी मराठीत सांगत होतीस. त्यामुळे त्या बाईचं बोलणं मला तुझ्याच आवाजात ऐकू आलं. “तुम्ही जबरदस्ती थोडीच केली? मीच येऊन राहिली ना रोज.” मी खुर्चीत अंग चोरून बसलो. तिला शोधत कुणी आलं की तो दारातूनच सांगायचा, ती घरी नाही. बाहेर पडल्यावर तू विचारलंस, कोणाची दया आली? मी म्हणालो, म्हाताऱ्याची. “बाबा, तुम्ही भी ना,” म्हणून तू हसलीस.

वर्ध्याचं स्थळ आठवतं? यशवंतरावांचा सचिन. बारा वर्षं झाली. तू तुझ्या आईची, शारदाची, अंजिरी साडी नेसली होतीस, आणि तो गेल्यावर दोन दिवस उगाच गुणगुणत होतीस. पत्रिका जुळत नाही असं त्यांनी कळवलं, असं मी तुला सांगितलं. त्यांनी होकार कळवला होता. नकार माझा होता. पत्रिका जुळत नाही हे मी लिहिलं, आणि तुझी पत्रिका तेव्हा कपाटातून बाहेरसुद्धा काढली नव्हती. आपल्यात नाही म्हणायची हीच सोयीची रीत, पुढे कुणी विचारत नाही. तुझी आई जाऊन सात महिने झाले होते. मला रिकाम्या घराची भीती वाटत होती. तुझ्यावर प्रेम होतं, तेही खोटं नव्हतं. त्या म्हाताऱ्याचंही नव्हतं. पुढे आणखी दोन स्थळांना मी तेच वाक्य लिहिलं. तू मात्र तुझ्यातच काही उणं आहे असं समजून गप्प होत गेलीस, आणि मी ते बघत जेवत राहिलो.

आणखी एक. माझा हात थरथरतो म्हणून रोज सकाळी तू माझं बोट टोचून साखर बघतेस. हात थरथरत नाही, देवश्री. तुला बढतीवर बिलासपूरला जायचं होतं, त्या आठवड्यात तो थरथरायला लागला. तू बढती नाकारलीस, मग थांबवायचा कसा ते मला कळेना.

एवढ्यावर थांबलो असतो, तर हे पत्र लिहायची हिंमत झाली नसती. पण मंगळवारी, सिनेमा बघून दोनच दिवस झाले होते, दुपारी तुझ्या ऑफिसातला धर्मपाल घरी आला. लग्नाचं सरळ विचारलं त्याने, खाली मान घालून. त्यांच्यात पत्रिका बघत नाहीत, माझं ठेवणीतलं वाक्य चालेना. जात मनात आली नाही असं म्हणणार नाही, पण ती नुसती मदतीला आली होती. मी म्हणालो, देवश्रीला लग्नच करायचं नाही, तिनेच तुला सांगायला सांगितलंय. “हव काका,” म्हणाला आणि अर्धा चहा ठेवून गेला. बुधवारी रात्री जेवताना तू म्हणालीस, “धर्मपाल माझ्याशी बोलून नाही राहिला, काहून कोण जाणे.” मी तुझ्याकडे तूप मागितलं. शरम वाटते लिहायला. सोबत त्याच्यासाठी चिठ्ठी आहे, त्यात मी खोटं बोललो एवढंच लिहून माफी मागितली आहे. द्यायची की फाडायची ते तू ठरव. तुझ्या मनात काय आहे हेही मी आता परस्पर ठरवणार नाही. आज तू आंघोळीला गेलीस तेव्हा मी स्वतःच बोट टोचलं. एकशे बेचाळीस. एका टोचण्यात झालं.

तुझेच,
बाबा