नटावरचा पिवळा ठिपका

जळकोट, सोमवार, संध्याकाळी

नळदुर्गच्या मिस्त्रीनं आज आपल्या जुन्या जीपला नवे ड्रम ब्रेक बसवले. बसवले म्हणतो तो. जुने ड्रम मागितले, तर म्हणाला, "भंगारवाला घेऊन गेला की, मालक." इतक्यात? आणि चाकाच्या प्रत्येक नटावर पिवळा ठिपका कशाला? "खुणेला असू द्या." कसली खूण? जुनाच माल घासूनपुसून बसवला असणार.

राहवलं न्हाय. घरी येऊन एक चाक खोललं, ब्रेक ढिला करून ड्रम काढला. आत सगळं कोरं. परत बसवलं, तर आता ब्रेक दाबला की जीप डावीकडं ओढतीय. उद्या त्याच्याकडंच न्यावी लागणार.

ठिपका अर्धा नटावर, अर्धा चाकावर होता. आता काही केल्या जुळंना. म्हणजे लबाडानं माझ्यावर आधीच संशय घेतला होता!