मिल लेनचं फाटक

थॉर्नकोट, डेव्हन
८ जानेवारी १९८४

ती. हेस्टरताईस,
आयव्हर आणि डॉर्कसचा सा. न.

नाताळात तू पाठवलेली शाल डॉर्कसच्या अंगावरून उतरत नाही. मी मात्र जेवणाच्या खोलीतून हलत नाही. वीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या इथल्या छोट्या रेल्वेचं मॉडेल करतोय, खऱ्या एका फुटाला चार मिलिमीटर या मापानं. स्टेशन झालं, ओढ्यावरचा पूल झाला, फलाटावर दुधाचे कॅनही मांडून झाले. डॉर्कस म्हणते, टेबल तर गेलंच, आता नवऱ्यालाही मालगाडीत भरून पाठवून देते. मे महिन्यात गावच्या हॉलमध्ये ते सगळ्यांना दाखवायचंय.

अडलंय ते मिल लेनच्या फाटकापाशी. बाबा तिथे गेटमन होते नि आपण लगतच्या घरात राहायचो, एवढंच मला ठाऊक. घर पाडलं, फोटो कुणाकडेच नाही. पोस्टमन होऊन मी इथे परतलो खरा, पण आपण ब्रिस्टलला गेलो तेव्हा मी चार वर्षांचा, तू चौदाची. तेव्हा तूच सांग, खिडक्या किती होत्या, धुराडं कुठे होतं, फाटक कुठल्या बाजूला उघडायचं?

तुझी माया अशीच राहू दे.
आयव्हर

नॉर्विच
२० जानेवारी

चि. आयव्हरला अ. आ.

रस्त्याकडे दोन खिडक्या, मागे एक. धुराडं ओढ्याच्या बाजूला. दाराशी आईचे वाटाण्याचे वेल. डॉर्कसला माझ्यातर्फे टेबल परत दे.

फाटक मात्र करू नकोस. तेवढी एक जागा रिकामी ठेव.

तुझी ताई

थॉर्नकोट
२६ जानेवारी

ती. ताई, सा. न.

बाबांचं घर करायचं आणि बाबांचं फाटक गाळायचं? इथले म्हातारे मला हसतील. काही झालं होतं का गं तिथे? नाही सांगितलंस तरी रागावणार नाही.

आयव्हर

नॉर्विच
११ फेब्रुवारी

चि. आयव्हर,

आठ दिवस कागद समोर घेऊन बसतेय. आता लिहूनच टाकते.

१९३१चा ऑक्टोबर. बाबा तापानं फणफणले होते. वर कळवलं तर पगार कापतील, म्हणून दोन दिवस फाटक मी सांभाळत होते. दुपारी चारच्या गाडीआधी ते लावायचं. मी पायरीवर वाचत बसले आणि विसरले. बेकर हॅनाफर्डांची घोडागाडी रुळांवर आली आणि रेल्वेनं तिला धडक दिली. त्यांचा घोडा जागीच गेला, त्यांचा पाय मोडला. बाबा तसेच तापात उठून धावत आले, मला घरात ढकललं, आणि चौकशीत म्हणाले की फाटकावर तेच होते. नोकरी गेली, घर गेलं. पुढे जन्मभर गोदामात ओझी उचलली, पण मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून मी तिकडे येत नाही. वाटलं तर आता तूही लिहू नकोस.

हेस्टर

थॉर्नकोट
१६ फेब्रुवारी

ती. ताई,

न लिहायला मी काय वेडा आहे?

हॅनाफर्डांची मुलगी लेटिस अजून बेकरीच्या वरच राहते. तिचं टपाल रोज मीच टाकतो. काल वर गेलो. तुझं नाव काढायच्या आत ती म्हणाली, फाटकावरच्या मुलीबद्दलच ना? हॅनाफर्डांनी तुला पायरीवर पाहिलं होतं, ताई. चौकशीत त्यांनाही विचारलं, फाटकावर कोण होतं. त्यांनी बाबांचंच नाव सांगितलं. बायकोनं नंतर जाब विचारला, खोटं का बोललात म्हणून. लंगडत चूल पेटवता पेटवता म्हणाले, "घोडा तर गेलाच. पोरगी कशाला घालवायची?"

लेटिस म्हणते, तू कशी आहेस ते त्यांना शेवटपर्यंत जाणून घ्यायचं होतं. पण विचारणार कुणाला?

मी फाटक अजून केलेलं नाही. तू म्हणशील तसं.

तुझाच,
आयव्हर

नॉर्विच
२ मार्च

चि. आयव्हर आणि डॉर्कस यांना आशीर्वाद.

फाटक कर. पांढरं, दोन झडपांचं, रस्त्याकडे उघडणारं. डावी झडप जराशी घासायची, बाबा तिला दर शनिवारी तेल घालत.

येत्या शुक्रवारी एक्सेटरला दुपारी उतरतेय. न्यायला ये. जेवण स्वयंपाकघरात चालेल आणि मॉडेलही बघेन, पण सगळं नंतर. आधी मला लेटिसकडे ने. काय बोलायचं ते मला सुचलेलं नाही. मी कशी आहे तेवढं सांगेन, तिच्या वडिलांचं ऐकायचं राहून गेलं ते.

हेस्टर