तुम्ही पाठवलेल्या गालिच्याबद्दल तक्रार

तीर्थस्वरूप दादांना,

शिरसाष्टांग नमस्कार. (पत्रात आहे म्हणून साष्टांग. प्रत्यक्षात घालायचा म्हटला तर आमच्या घरात माणसाने आडवं पडावं अशी परवानगी असलेली जमीन उरलेली नाही.) तुमचा गुडघा आता कसा आहे? खोकल्याचं औषध वेळेवर घेता ना? कुत्री आणि तिची पिल्लं मजेत असतील. आम्ही इकडे आहोत. ‘सुखरूप आहोत’ असं लिहिणार होतो, पण सुखरूप माणूस निदान धड बसलेला तरी असतो. मी हे पत्र स्वयंपाकघरातल्या बिनपाठीच्या स्टुलावर, ओट्याच्या कडेला कागद टेकवून लिहितो आहे. कमरेत कळ आली की उठतो आणि दोन ओळी उभ्याने लिहितो. अक्षर मध्येच तिरकं झालेलं दिसेल, ते त्यामुळे.

आता मुद्द्यावर येतो, कारण मनात साठलेलं फार आहे. आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा तुम्ही हौसेने एक लोकरीचा गालिचा आणि एक सोफा पाठवलात. त्याबद्दल आभार तेव्हाच मानले होते, आता परत घेतो असं नाही. पण त्यांच्यामागोमाग तुम्ही तुमच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतीला, फोनवरून एक वाक्यही पाठवलंत. “ठकू, नीट ठेव हं, मी बघायला येणार आहे.” तुम्ही हसत म्हणालात आणि फोन ठेवून जेवायला बसला असाल. इकडे त्या वाक्याचा कायदा झाला. माझी सगळी नोकरी कचेरीत गेली, कायदे येताना-जाताना पुष्कळ पाहिले, पण एवढ्या काटेकोरपणे अमलात आलेला एकही पाहिला नाही.

पहिल्याच आठवड्यात गालिच्यावर जुनी चादर आली. का, तर दादा येईपर्यंत धूळ बसू नये. मी म्हटलं, ठीक आहे, दादा काय, महिन्याभरात येतील. (हे माझे शब्द. आठवले की स्वतःचीच कीव येते.) तुम्ही तारीख कळवलीत, हिने आदल्या दिवशी चादर काढली, गालिचा झटकला, सोफ्याच्या उशा उन्हात ठेवल्या, आणि संध्याकाळी तुमचा फोन आला की गुडघा सुजलाय, पुढच्या महिन्यात बघू. चादर परत अंथरली गेली, आणि आता जास्त दिवस काढायचे म्हणून तिच्यावर प्लास्टिक आलं. पुढल्या खेपेला कुत्री व्यायली, तेव्हा प्लास्टिकवरून पाय घसरतो म्हणून सतरंजी आली. मग तुमचा खोकला आला, तो सतरंजीवरच्या जाड पलंगपोसाच्या रूपाने आमच्याकडे कायमचा राहिला. मी तुम्हाला सांगतो दादा, तुमच्या न येण्याची सगळी कारणं आमच्या बैठकीच्या खोलीत एकावर एक अंथरलेली आहेत. दरवाजा आता पूर्ण उघडत नाही. पाहुणा अंग चोरून आत येतो.

सोफ्याची कथा याहून संतापजनक आहे. त्याच्या हातांवर टॉवेल, टॉवेल मळू नयेत म्हणून त्यांवर खोळी, आणि सगळ्यावर मिळून एक पारदर्शक प्लास्टिक. का तर खालचा रंग दिसावा! परवा विम्याचा माणूस आला होता, तो त्यावर बसला तेव्हा असा काही आवाज झाला की बिचारा लाजून पुढे विम्याचं बोललाच नाही. उठला तेव्हा प्लास्टिक त्याच्या पाठीला चिकटून दारापर्यंत गेलं. खुर्च्यांच्या पायांनी जमिनीला चरे पडू नयेत म्हणून त्यांना मोजे घातलेत. ते मोजे माझे आहेत. या थंडीत खुर्च्या उबेत उभ्या आहेत आणि मी अनवाणी, भिंतीच्या कडेकडेने, स्वतःच्या घरात चोरपावलांनी चालतो आहे. बोललो तर एकच उत्तर: दादा येऊन गेले की वापरायचंच आहे की!

मध्यंतरी हिने गालिचे आणि सोफे धुणाऱ्या माणसाला बोलावलं. मला वाटलं, चला, आता तरी सगळं उघडं पडेल. तो यंत्र घेऊन आला, नळ्या जोडल्या, आणि विचारलं की धुवायचं काय? हिने पलंगपोसाकडे बोट दाखवलं. त्याने नम्रपणे सांगितलं की मी गालिचे धुतो. ही म्हणाली, गालिचा स्वच्छच आहे, त्याला हात लावायचा नाही. त्या गृहस्थाने मुकाट्याने पलंगपोस, सतरंजी आणि सोफ्यावरचं प्लास्टिक धुऊन दिलं, आणि जाताना माझ्याकडे असा बघून गेला की मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

तर मागच्या आठवड्यात ही दाताच्या डॉक्टरकडे गेली असताना मी बंड केलं. मी ठरवलं, एकदा, फक्त एकदाच, मरण्यापूर्वी या सोफ्यावर बसायचं. एकेक थर क्रमाने सोडवला, कुठला कशावर होता हे तोंडाने घोकत. आणि बसलो. दादा, वस्तू उत्तम आहे, तुमची निवड वादातीत आहे. कमरेला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. मग हाव सुटली. गालिचाही उघडा करून त्यावर अनवाणी पाय ठेवले, बोटं रुतवली, पाय सोफ्याखाली मागे ओढले, आणि टाचेला काहीतरी खरखरीत लागलं.

वाकून पाहिलं. सोफ्याच्या पुढच्या कडेखाली जेवणाच्या ताटाएवढी जागा पार टकली झाली होती. लोकर नाहीच, खालचे नुसते दोरे, आणि त्यात बारीक पांढऱ्या अळ्या. कसर लागली होती. त्या धुणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, लोकरीचा गालिचा अंधारात, न झाडता, माणसाचा पाय न लागता पडून राहिला की कसर हमखास लागते. त्याला झाडू हवा, ऊन हवं, पायांची वर्दळ हवी. (आणि शेवटी त्याने मला एक नवीन, अधिक जाड आच्छादन विकायचा प्रयत्न केला, तेव्हा मी फोन आपटला.) म्हणजे बघा, डोळ्यांत तेल घालून जपला म्हणून गेला! आम्ही रोज त्यावर नाचलो असतो तर तो आज धडधाकट असता. मी सगळे थर परत चढवले, क्रम बहुतेक चुकला, पण ही घरी आल्यावर काही बोलली नाही. जबडा सुजला होता, त्यामुळे असेल.

राग कुणावर काढू ते सांगा. हिच्यावर काढवत नाही. तुमची तारीख आली की ही दोन दिवस गुणगुणत असते आणि फोन आला की न बोलता कपाटातून चादर काढते. ते बघवत नाही. तेव्हा राग तुमच्यावर आहे, स्पष्ट लिहितो. गुडघा सगळ्यांनाच असतो. पिल्लं आता मोठी झाली. वहिनी गेल्यापासून तुम्हाला घर सोडवत नाही हे मला कळतं, हिलाही कळतं, पण तुमची बहीण एकच आहे आणि तिने तुमच्यासाठी एक अख्खी खोली अडवून ठेवली आहे. वडीलधाऱ्यांना असं लिहू नये, पण लिहिलं.

तुमचा,
स्टुलावरचा मेहुणा

ता. क. खरं काम राहिलंच. तुम्ही या, आणि हिने सगळी आवरणं काढली की सोफ्याच्या डाव्या टोकाला बसा. चहा आला की कप त्या टकल्या जागेवर सांडा आणि “अरेरे, गालिचा गेला” असं मोठ्याने म्हणा. पुढचं मी बघतो. तुमच्या हातून गेला म्हटल्यावर ही रागावणार नाही. तिला तो आपल्या हातून गेला हे कळता कामा नये, एवढंच माझं मागणं आहे.

ता. क. २. हे आपल्या दोघांत. ही भाजी आणायला गेली आहे. पाकिटासाठी डिंक तेवढा तिच्या कपाटात आहे, ही आली की तो मागतो.

दादा, यांनी डिंक मागितला तेव्हाच ओळखलं. पत्र वाचलं. ती जागा मला उन्हाळ्यापासून माहीत आहे. सोफा तिच्यावर मीच सरकवला. यांना दिसलं असतं तर यांनी लगेच तुला कळवलं असतं, आणि तुला उगीच वाटलं असतं की आपल्यामुळे झालं. आणि गालिच्यासाठी म्हणून मी हे थर ठेवले नव्हते रे. ते काढून टाकले असते तर तू येत नाहीस हे मी मान्य केल्यासारखं झालं असतं.

आज सगळं काढलं. कसरीचं बघायला तो धुणारा उद्या येतोय. हे आत्ता उघड्या सोफ्यावर बसलेत, पाय गालिच्यावर, आणि पत्रातलं मला काही कळलेलं नाही असं समजून पेपर वाचतायत. चहा मात्र यांना स्टुलावरच मिळेल. गालिच्यावर पहिला चहा सांडायचा मान तुझा आहे, तो मी यांना देणार नाही.

ठकू