हसत उघडून द्यायचं

अप्पा, मला तुमचा राग आला आहे. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोला हार घालतानाही माझं अर्धं लक्ष गॅसवरच्या दुधाकडे असतं. आता साठी उलटल्यावर एकाएकी तुमच्यावर चिडून बसायचं, हे काही बरं दिसत नाही. पण ज्याच्यावर खरं चिडायला हवं त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही. तो सातासमुद्रापलीकडच्या एका विमानतळावर काउंटरमागे बसतो आणि मला केव्हाच विसरून गेला असेल. त्याच्यापर्यंत माझा राग पोचायचा नाही. तुमच्यापर्यंतही पोचायचा नाही म्हणा, पण तुम्ही निदान घरचे आहात.

तुमची नात, जी तुमच्या मांडीवर बसून तुमचा चष्मा ओढायची, तिचं बाळंतपण होतं. पहिल्या वेळी मुलीने माहेरी यायचं ही आपली रीत, पण नोकरीमुळे तिला तिकडून हलता येईना, तेव्हा माहेरानेच तिच्याकडे जायचं ठरलं. यांच्या गुडघ्यांना इतका वेळ विमानात बसणं झेपत नाही, म्हणून मी एकटी निघाले. डिंकाचे लाडू, अळीव, बाळाला गुंडाळायला माझ्या जुन्या साडीची दुपटी, असं सगळं भरलं. लाडू काढून घेतील की काय, एवढीच मला धास्ती होती. आमच्या जयलक्ष्मीपुरममधल्या शेजारणींनी तशा गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. कुणाचं लोणचं फेकलं, कुणाचं मेतकूट हुंगून बघितलं. माझ्या लाडवांचा डबा त्या माणसाने उघडलासुद्धा नाही. एवढं लाडवांवर भागलं असतं तर मी तिथेच नारळ फोडला असता.

त्याने विचारलं, कशाला आलात? मी सांगितलं, मुलीचं बाळंतपण, पहिलं नातवंड. किती दिवस राहणार? त्या दिवसांत बाळ कोण सांभाळणार? मी म्हटलं, मीच, आणखी कोण? याचे तुम्हाला पैसे मिळणार का? मला आधी हसूच आलं. आजीला कुणी पगार देतं का? पण तो हसला नाही. पुष्कळ बायका पाहुणी म्हणून येतात आणि इथे मुलं सांभाळायचं काम करतात, ते बेकायदा आहे, असं त्याने मला शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं. मग बोटाच्या पेराने काउंटरवर दोनदा ठोकलं आणि म्हणाला, "फोन द्या. आणि तो उघडायचा नंबर सांगा."

आणि मी दिला, अप्पा. का म्हणून विचारलं नाही, देणं भाग आहे का तेही विचारलं नाही. हसत हसत दिला. नंबर एकदा सांगितला, त्याला नीट ऐकू आला नाही म्हणून पुन्हा सांगितला. कारण तुम्ही मला तेच शिकवलं होतं.

केरळच्या रस्त्यावर, जंगल सुरू होतं तिथल्या जंगलखात्याच्या नाक्यावर तुमची ड्यूटी. बस थांबली की तुम्ही आत चढायचात आणि कुठे चंदनाचा तुकडा लपवलाय का ते बघायला लोकांच्या पेट्या उघडायचात. तळाला बोटाच्या पेराने दोनदा ठोकायचात, खाली पोकळ तर नाही ना. ती सवय घरीही तुमच्या बोटात असायची. नारळावर ठोकायचात, दारावर ठोकायचात, माझ्या डोक्यावरसुद्धा. सुटीला घरी आलात की स्वयंपाकघरात पाटावर बसायचात, आई चुलीपाशी नाचणीचे मुद्दे, ते शिजवलेल्या पिठाचे गोळे, वळत असायची, आणि तुम्ही बसमधल्या गोष्टी रंगवून सांगायचात. कुणाच्या पिशवीत कवळी निघाली, कुठल्या म्हाताऱ्याच्या ट्रंकेत सिनेमातल्या बाईचे फोटो निघाले. तुम्ही त्यांच्या नकला करायचात आणि आम्ही भाऊबहिणी पोट धरधरून हसायचो. "नोडी, बघा," तुम्ही म्हणायचात, "जो हसत पेटी उघडून देतो ना, त्याची मी वरवर बघतो. एनिल्ला, काही नाही, होगी म्हणतो, जा म्हणतो. पण जो पेटीवर हात ठेवतो, त्याची तळापर्यंत उपसतो. म्हणून कुठेही जा, हसत उघडून द्यायचं. मग कोणी बघत नाही."

हे तुमचं ज्ञान. मी ते जन्मभर सांभाळलं. बँकेत, दवाखान्यात, सासरी, जिथे तिथे मी हसत उघडून दिलं. आणि ज्या एका जागी पेटीवर हात ठेवायला हवा होता तिथेही दिलं. आता आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. तुमचा नियम उघडणाऱ्याच्या सोयीचा होता, अप्पा. जिची पेटी आहे तिच्या सोयीचा तो कधीच नव्हता, आणि हे कळायला मला इतकी वर्षं लागली.

त्या फोनमध्ये माझं काही नव्हतं. माझं काय असणार, सुप्रभातचे फुलांचे फोटो आणि भिशीच्या बायकांच्या गप्पा. फोनमध्ये माझ्या मुलीचं होतं. ती कॉलेजात असताना एकदा अडचणीत सापडली होती. कुणामुळे, ते तुम्हालाही सांगणार नाही. तेव्हा मी तिला दुसऱ्या गावी नेऊन मोकळी करून आणली. तिचं रक्त थांबेना. त्या दवाखान्याच्या लोखंडी खाटेवर मी तिचे पाय वर धरून बसले आहे आणि ती माझ्याकडे बघत विचारते आहे, "अम्मा, मी मरेन का?" घरी आम्ही तलकाडला, ती वाळूत गाडलेली देवळं बघायला गेलो असं सांगितलं होतं. परत आल्यावर यांनी सहज विचारलं, तलकाडला जाऊन आलात आणि चपलांत वाळू कशी नाही? मी म्हटलं, झटकली. त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. जगात ते दोघींनाच माहीत होतं, मला आणि तिला. आता दिवस भरत आले तशी ती घाबरली आणि मला लिहू लागली. मागच्या वेळेसारखं झालं तर? डॉक्टरला मागचं सांगितलंय, पण नवऱ्याला नाही सांगितलं, तू आलीस की बघू. ती आपलं मराठी बोलते, लिहिता येत नाही. सगळं इंग्रजीत. त्या माणसाला वाचायला अगदी सोपं.

तो फोन घेऊन आतल्या खोलीत गेला. मला एका खुर्चीत बसवलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती, आणि तो अंगठ्याने वर सरकवत होता, निवांत, पेपर वाचावा तसा. बाहेर आला तेव्हा चेहऱ्यावर माणसाची लबाडी पकडल्याचं समाधान होतं. "तुम्ही म्हणालात पहिलं नातवंड. पण तुमची मुलगी मागच्या वेळेबद्दल लिहिते आहे. मग ते मूल कुठे आहे? त्याला कोण सांभाळतं?" मी म्हटलं, मूल नाही. "मग मागची वेळ म्हणजे काय?" मी म्हटलं, ते मी सांगणार नाही. तेव्हा पेटीवर हात ठेवला मी, पेटी सगळी उपसून झाल्यावर. तो म्हणाला, ठीक आहे, मी खात्री करून घेतो. आणि माझ्याच फोनमधून नंबर काढून त्याने माझ्यासमोर, बाहेर गाडी घेऊन उभ्या असलेल्या जावयांना फोन लावला. तुम्हाला मुलं किती? एकही नाही? मग तुमची बायको आईला आधीच्या बाळंतपणाबद्दल, रक्तस्रावाबद्दल का लिहिते?

जावयांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. त्या माणसाने थोडं ऐकलं, बरं म्हणाला आणि फोन ठेवला. मग पासपोर्टवर शिक्का मारला. फोन माझ्या हातात दिला. सगळं ठीक आहे, म्हणाला, नातवंडासाठी शुभेच्छा. म्हणजे एनिल्ला, होगी. त्याच्या कागदांत काहीच घडलं नाही. एका बाईला थोडा वेळ थांबवलं, तपासलं, आक्षेपार्ह काही सापडलं नाही, सोडून दिलं. तो दुपारी घरी जाऊन जेवला असेल. जेवताना बायकोला सांगितलंही असेल, आज एक म्हातारी आली होती.

मला मंडी मोहल्ल्यातली ती मुलगी आठवली, अप्पा. तुम्हाला आठवते का? तिने ट्रंकेवर हात ठेवला होता, म्हणून तुम्ही तिची ट्रंक बसमध्ये सगळ्यांसमोर तळापर्यंत उपसलीत. चंदन नव्हतंच. फिट येण्यावरच्या औषधाची बाटली निघाली, साड्यांच्या घड्यांत लपवलेली. ती गोष्ट तुम्ही घरी जेवताना सांगितलीत आणि पंक्तीला आईचे मावसभाऊ होते. नाव तुम्ही घेतलं नाहीत. पण कुठली बस, बरोबरच्या म्हातारीच्या नाकात केवढी नथ, हे सगळं रंगवलंत. आपली मराठी माणसं या गावात आहेत तरी किती? सगळी एकमेकांची सोयरी. मामांना ओळख पटली, आणि त्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ते कानावर आलं तेव्हा आईने हातातली पळी खाली ठेवली आणि म्हणाली, "त्या पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही." तुम्ही ताटावरून न उठता म्हणालात, "मी तिचं नाव घेतलं काय? इल्ला अल्वा, नाही ना? माझी ड्यूटी ती. मी फक्त बघितलं." आणि भातावर आणखी सारू मागितलंत. मी तिथेच बसले होते. ती पुढे भावाच्या घरीच राहिली, आणि बाजारात तुम्ही दिसलात की डोक्यावरचा पदर पुढे ओढून दुकानाच्या आत सरकायची. फक्त बघितलं म्हणे. बघितलेलं परत ठेवता येतं का ट्रंकेत, घडी घालून?

आणि तुमचं स्वतःचं काय? पेपरमिंटची गोळी असेल म्हणून मी एकदा तुमच्या कोटाच्या खिशात हात घातला तर तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातलात. दुसऱ्याच्या खिशाला हात लावायचा नाही, म्हणालात, ही सभ्य माणसाची खूण नाही. मी लग्न होऊन निघाले तेव्हा मला पितळी कुलपाची पेटी दिलीत. वर सांगितलंत, कुलूप लावत जा, लोक उघडतात. लोक, अप्पा. कोण लोक?

बाळ नीट झालं. मुलगी. तुमचं नाक आहे तिला, एवढं सांगते. त्या दिवशी जावयांनी मला विमानतळावरून घरी आणलं. दारात तुमची नात उभी होती, पोट पुढे, तोंडभर हसत, तिला काही माहीत नव्हतं. जावई मूळचे पुण्याचे, त्यांच्या आईवडिलांनी नोकरीपायी आपल्या गावात येऊन घर केलं. आवाज चढवणं त्यांच्याकडे नाही. बारसं होईपर्यंत त्यांनी वाट बघितली आणि मग एकदा स्वयंपाकघरात माझ्यादेखत तिला अगदी शुद्ध मराठीत विचारलं, "मला एका परक्या माणसाकडून का कळावं?" तिने त्यांना सांगितलं. सगळं. ते ऐकून घेतलं त्यांनी. वाईट वागत नाहीत, अजूनही नाहीत. फक्त तिचा फोन टेबलावर पालथा पडलेला असला की जाता जाता उचलून सुलटा करून बघतात. मी तिथे होते तेवढ्या दिवसांत कितीदा तरी बघितलं. ती पण बघायची.

त्या स्वयंपाकघरातल्या बोलण्यानंतर ती माझ्याजवळ आली, बाळाला खांद्यावर टाकून. मला वाटलं रडेल, भांडेल. तिने एवढंच विचारलं, "अम्मा, फोन का दिलास? वापस पाठवले असते तुला, एवढंच ना?" मी म्हटलं, तुझं बाळंतपण कुणी केलं असतं ग? ती म्हणाली, "केलं असतं मी कसंतरी." आता ती मला बाळाचे फोटो पाठवते, रोज. बाळ हसलं, बाळ पालथं पडलं. खाली एक अक्षर लिहीत नाही. काय वाटतं, झोप होते का, घरात कसं चाललंय, काही नाही. त्या माणसाने माझा फोन परत दिला, पण माझी मुलगी त्यातून काढून घेतली, आणि याची तक्रार घेणारी खिडकी कुठल्याच विमानतळावर नाही.

हे कागदावर लिहिते आहे, आणि आमचे हे फिरून यायच्या आत फाडून टाकणार आहे, कारण यांना अजून तलकाडच माहीत आहे.

एक मात्र कबूल करते. तुमचा नियम आठवला म्हणून मी फोन दिला, असं मी वर तुम्हाला लिहिलं. ते खरं नाही. त्याने काउंटरवर पेराने दोनदा ठोकलं तेव्हा मला नियमबियम काही आठवला नाही. मला तुम्ही आठवलात. अनोळखी देशात, इतक्या तासांच्या प्रवासानंतर, समोर कुणी आपल्या अप्पांसारखं आहे असं वाटलं आणि मला फार बरं वाटलं. म्हणून मी त्याच्याकडे बघून हसले.